आईपुढची रेघ

वही टेबलाच्या मधोमध उघडी पडली होती आणि तिच्याकडे सरळ बघायची हिंमत फक्त तिच्या मालकिणीत होती. मालकीण नऊ वर्षांची. एक वेणी घट्ट, एक सुटलेली, पाय खुर्चीवरून लोंबकळते. काका तिला लाडाने कानस म्हणायचा, कारण ती समोरच्याला घासून घासून नमवायची. आज काका लाडात नव्हता.

"वाच तूच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच, म्हणजे सगळ्यांना आपली कीर्ती कळेल."

"मला पाठ आहे," कानस म्हणाली आणि वहीकडे न बघता म्हणून दाखवू लागली. "मुलीने जोड्या लावताना थट्टा केली आहे. बरोबर जोड्या दहा वेळा लिहून खाली पालकांची सही आणावी. तोपर्यंत वर्गात बसू दिले जाणार नाही. खाली बाईंची सही. लाल."

"कधीचं आहे हे?"

"बुधवारचं."

"आज रविवार. तीन दिवस तू कुठे बसत होतीस?"

"वऱ्हांड्यात. तिथे वारा चांगला येतो. आणि सगळ्या वर्गांतलं ऐकू येतं. मी सातवीचं त्रैराशिक पण ऐकलं."

चुलीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या थोरल्याला, म्हणजे तिच्या बापाला, हसू आलं. ते त्याने झाकणाच्या आवाजात दडवलं.

थोरली, म्हणजे कानसची आई, टेबलाशी बसली नव्हती. ती आपल्या जागी, खिडकीखाली, लाकडी पकडीत करवतीचं पातं आवळून उभी होती. घरात कसलाही वाद चालू असो, तिचे हात चालूच असत. दुपारी बाराला एक सुतार करवत न्यायला यायचा होता आणि निम्म्याहून जास्त दात अजून बाकी होते. तिकोनी कानस एका दाताला तीनदा फिरवायची, पुढचा दात सोडायचा, त्याच्या पुढच्याला पुन्हा तीनदा. एका फिरवण्याला या घरात घास म्हणत. दाताला तीन घास. मोजणी चुकू नये म्हणून थोरली ओवी घोळवायची.

एक घास दाताला गं, दुसरा घास धारेला,
तिसरा माझ्या लेकीला, बसली दारी जेवायला.

ओठांतल्या ओठांतच. आवाज भिंतीपलीकडे गेला असता तर पुढे दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळलं असतं की आत कानस कोणाच्या हातात आहे. नऊ वर्षांत ते कोणालाही कळलेलं नव्हतं. सगळ्या सुतारांच्या लेखी या दुकानातली धार अण्णांची होती.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. टेबलाच्या एका टोकाला ते बसले होते, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून. सोडले की हात थरथरायचे. ही थरथर सुरू झाली तेव्हा कानस पोटात होती. धाकट्याला, म्हणजे कानसच्या काकाला, गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, थोरला करवतींच्या मुठी घडवायचा आणि मुठींपलीकडे त्याचा हात चालत नव्हता. राहता राहिली सून. अण्णांनी तिला शिकवलं ते मागच्या खोलीत, दार लोटून. आणि ते स्वतः पुढे दुकानात, गिऱ्हाइकांना दिसतील असे, मांडीवर एक जुनी करवत घेऊन बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तिच्यावर हळूहळू कानस फिरवायची, बस. घरात तिला दाखवायची करवत म्हणत. नऊ वर्षं नुसती दाखवायला घासून घासून तिचे दात संपले होते. आता ती नुसती पट्टी होती. जवळ जाऊन बघायचं मात्र कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"लिहून टाक बाळ," अण्णा म्हणाले. "दहाच ओळी आहेत."

"मी लिहिलेलं खरं आहे, आजोबा."

"अगं, खरंखोटं कोण विचारतंय?" धाकट्याने पेपर चिकटवलेली वही आपल्याकडे ओढली. "हे बघा. डावीकडे आई, बाबा, सुतार, डॉक्टर. उजवीकडे चित्रं. पातेलं, करवत, बॅग, छाती तपासायची नळी. आंधळ्यानेही लावल्या असत्या. हिने काय केलंय? आईला करवत. बाबांना पातेलं. आणि सुताराला काय, तर बॅग."

"सुतार बॅग घेऊनच येतात की दुकानात," कानस म्हणाली. "करवत आपल्याकडे ठेवतात आणि बॅग घेऊन जातात."

या वेळी थोरल्याला हसू दडवता आलं नाही. धाकट्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुन्हा भाजीत डाव घातला.

"हसा. दादा, तू हस. वर्गात सगळ्यांसमोर ही म्हणाली, माझी आई करवतींना धार लावते आणि बाबा भाजी करतात. पस्तीस पोरं आहेत त्या वर्गात. त्यातल्या चौघांचे बाप आपली गिऱ्हाइकं आहेत. अण्णांची धार म्हणून लोक तीन दुकानं ओलांडून येतात. उद्या कळलं की बाईने लावलेली धार आहे, तर करवत उचलून चालते होतील. वहिनी, तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही."

"माझ्या हाताचं नावच कुठे आहे, भाऊजी," थोरली म्हणाली. कानस थांबवली नाही.

आत्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती अण्णांची मधली. लग्न केलं नव्हतं, शाळेजवळ खोली घेऊन राहायची, रविवारी जेवायला यायची. त्याच शाळेत वरच्या वर्गांना शिकवत होती आणि तिच्या अंबाड्यात नेहमी एक लाल पेन्सिल खोचलेली असे. ती काढून आता ती बोटांत फिरवत होती.

"मी बोलले बाईंशी," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं साधं आहे. पेपरात तुमच्या घरात काय चालतं ते विचारत नाहीत. उत्तर काय अपेक्षित आहे ते विचारतात. मार्क त्याचे असतात."

"ताई, मग मुलींनी आधी काय शिकायचं?" थोरलीने विचारलं. "जे दिसतं ते, का जे अपेक्षित आहे ते?"

"तू मला शिकवू नकोस गं. वीस वर्षं खडू खाल्लाय मी. पुढच्या वर्षी ही पाचवीत जाईल. पाचवीपासून मुलांना कार्यशाळा आणि मुलींना शिवण. ही आत्तापासून म्हणत फिरतेय की मी कार्यशाळेत बसणार. त्यात हट्टी म्हणून शेरा लागला, तर उद्या बोट वर करायचीही सोय राहणार नाही. दहा ओळी लिहू दे. वर्गात बसू दे. मग बघू."

"मग बघू म्हणजे कधी, आत्या?" कानसने विचारलं.

आत्याने पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चाचपलं.

थोरलीच्या मनात त्या वेळी दुसराच कागद उलगडला होता. लेकीला शाळेत घातलं तेव्हाचा फॉर्म. वडिलांचा व्यवसाय, तिथे थोरल्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, करवतींचं दुकान. खाली आईचा व्यवसाय, आणि त्यापुढे त्याने एक आडवी रेघ मारली होती. छोटीशीच. तिने ती पाहिली होती. पेनाची शाई वाळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली होती, आणि मग म्हणाली होती, चला, उशीर होतोय.

आता लेकीने त्याच जागेवरून दुसरी रेघ मारली होती. आईपासून निघालेली, पातेल्याला वळसा घालून थेट करवतीपर्यंत गेलेली. आणि तिच्यावर लाल फुली होती.

तिने कानस खाली ठेवली.

तो आवाज थांबला की या घरात सगळ्यांच्या माना वळत. इतकी वर्षं तो भिंतीवरच्या घड्याळासारखा चालू होता.

"मी सही करणार नाही," थोरली म्हणाली. "आणि ती लिहिणार नाही."

"वहिनी, तुम्ही तरी…"

"दहा वेळा लिहायला लावलं ना, भाऊजी, तर अकराव्यांदा ती आपणहून लिहील. मला माहीत आहे. मी नऊ वर्षं न लिहिता लिहितेय."

धाकट्याने मदतीसाठी भावाकडे पाहिलं. थोरल्याने भाजी उतरवली, हात पुसले आणि तो टेबलाशी आला. हा माणूस बोलायला लागायच्या आधी नेहमी हात पुसायचा.

"फॉर्मवरची ती रेघ मी मारली होती," तो म्हणाला. बायकोकडे बघून नाही, वहीकडे बघून. "मला वाटलं, काय लिहायचं. लिहिलं तर कोणीतरी विचारणार. सोपं होतं ते. बाबांना पातेलं म्हणून माझं चारचौघांत हसं झालं असेल, तर होऊ दे. आमटीही मीच करतो, तीही लिहा."

"वा. आता हा पण तिकडे," धाकटा म्हणाला. "ताई, तू सांग. तू शाळेतली आहेस."

आत्याने पेन्सिल टेबलावर आपटली. रागाने नाही, हातातून सुटावी तशी.

"मला काय सांगता? मला कोणी कधी काही विचारलं का या घरात?" ती अण्णांकडे वळली. "मी हिच्याएवढी होते तेव्हा रोज शाळेतून येऊन तुमच्या पकडीशी उभी राहायचे. आठवतं? एकदा हातात कानस घेतली तर काढून घेतलीत. म्हणालात, मुलीच्या बोटांत लोखंड भिनेल, आईकडे जा, शिवण घे. मला सुई दिलीत शिवायला. आणि वहिनीला सुई दिलीत करवत तपासायला. का, तर ती सून, ती घरात राहणार, आणि बाहेर कोणाला कळणार नाही."

अण्णांनी अडकवलेले हात सोडून टेबलाची कड धरली. टेबलावरचा पेला किणकिणला.

थोरलीला पहिल्यांदाच कळलं की रविवारी जेवून झाल्यावर ही नणंद खिडकीखालच्या स्टुलावर येऊन का बसते. तिला वाटायचं, लक्ष ठेवायला बसते. घास मोजताना कोणाची तरी नजर हातावर आहे, या विचाराने तिचे खांदे आखडायचे.

"आत्या," कानस म्हणाली, "तुझीच करवत होती ना ती?"

"कुठली?"

"पेपरातली. बाई म्हणाल्या, पेपर वरच्या वर्गाच्या बाईंनी काढलाय, चित्रंही त्यांनीच काढलीत. पुस्तकातल्या करवतीला डोंगर असतात. सरळ उभे. हिला खरे दात होते. एका अंगाला कललेले, आणि एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले. शेवटचे चार तर एवढे बारीक, की बघायला डोळा कागदाला लावावा लागला. आईच्या करवतीचे असतात तसेच. म्हणून मी आईला जोडली. मला वाटलं, तुला माहीत आहे."

आत्याने वही ओढून घेतली आणि त्या चित्राकडे पाहिलं. आपणच काढलेलं चित्र पहिल्यांदा दिसावं तशी ती पाहत होती. पातेलं तिने दोन रेघांत उरकलं होतं, कडाही धड जुळलेल्या नव्हत्या. बॅगेला तर नुसता चौकोन आणि कान. करवतीवर मात्र किती वेळ गेला असेल. बावीस दात. थोरलीने मान पुढे करून सवयीने मोजले.

"डावी-उजवीकडचा वाव पण दिलाय तुम्ही दातांना," ती हळूच म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "दिला खरा."

तेवढ्यात बाहेर शटरवर थाप पडली. मग ते वर ढकलल्याचा खडखडाट, आणि मिशाळ सुताराचा आवाज. "आहे का कोणी? करवत झाली का? उद्या पहाटे कामावर जायचंय मला."

धाकटा सवयीने उठला. उठता उठता त्याच्या तोंडून सवयीचंच वाक्य निघालं. "बसा बसा, अण्णा आत शेवटचा हात मारतायत."

ते वाक्य खोलीतून बाहेर गेलं आणि अण्णा खोलीतच राहिले. समोर बसलेले, रिकाम्या हातांचे. कानस त्यांच्या हातांकडे बघत होती. मुलं बघतात तसं, पापणी न लववता.

थोरलीने पकडीचा खिळा सैल केला. पकड, करवत, तिकोनी कानस, सगळं एकत्र उचललं. ओझं बरंच होतं. नऊ वर्षांत ती पकड त्या खिडकीखालून हललेली नव्हती, भिंतीवर तिच्यामागे फिकट चौकोन उमटला होता.

"वहिनी," धाकटा दारात आडवा आला. आवाज दबका. "आज नको. विचार करू, मग करू."

"आत्ताच तुमच्या पुतणीने विचारलं, मग म्हणजे कधी. तिला कोणी सांगितलं नाही. बाजूला व्हा, भाऊजी, जड आहे हे."

तो हलला नाही. तेव्हा थोरला मागून आला आणि त्याने पकडीची दुसरी बाजू उचलली. दोन माणसांना वाट द्यायला धाकट्याला सरकावंच लागलं.

दुकानात उजेड डोळ्यांवर आला. मिशाळ काउंटरला टेकून उभा होता. बॅग पायाशी. त्याने आधी थोरल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग दोघांच्या मधोमध आपल्या करवतीकडे.

"हे काय?"

"निम्मे दात राहिलेत," थोरली म्हणाली. रस्त्याकडे तोंड करून तिने पकड काउंटरच्या कडेला बसवली आणि आवळली. "दहा मिनिटं लागतील."

"अण्णा कुठेत? मी करवत अण्णांकडे दिली होती."

"दिली होतीत अण्णांकडे. लावते मी. मागच्या वेळचीही मीच लावली होती. त्याच्या आधीच्या सगळ्याही."

मिशाळने मिशीवरून हात फिरवला. बाहेर रस्त्यावर दोघेजण थांबले होते, शेजारचा सायकलवाला आणि त्याचं गिऱ्हाईक. "राहू द्या मग," मिशाळ म्हणाला. "आहे तशी द्या. दुसरीकडून घेईन लावून. वाईट वाटून घेऊ नका. सवयीचा प्रश्न आहे."

त्याने करवतीच्या मुठीला हात घातला. थोरलीने पकडीवरचा हात काढला नाही.

"अर्धी करवत मी कोणाला देत नाही," ती म्हणाली. "पूर्ण होऊ दे. मग खुशाल दुसरीकडे न्या."

आणि तिने कानस टेकवली. पहिला घास हुकला, कर्कश गेला. इतक्या उजेडात, इतक्या डोळ्यांपुढे तिने कधी काम केलं नव्हतं. मोजणी डोक्यातून उडाली. कुठला दात, कितवा घास, काही सुधरेना. मिशाळने मान हलवली. मान हललेली तिला डोळ्यांच्या कडेने दिसली. मोजणी परत आणायचा एकच रस्ता तिला ठाऊक होता.

तिने तोंड उघडलं.

एक घास दाताला गं, दुसरा घास धारेला…

आवाज फाटका निघाला, वापरात नसलेला. नऊ वर्षं ओठांतच राहिलेला. दुसऱ्या ओळीला तो थोडा सरळ झाला, आणि तिसऱ्या दाताला हात आणि आवाज एका चालीत पडले. कर्र, कर्र, कर्र. सोड. कर्र, कर्र, कर्र. सोड. लोखंडाची बारीक भुकटी काउंटरवर साचू लागली. सायकलवाल्याने गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायचे सोडून पान्ह्यासकट हात मागे बांधले. एका बाजूचे दात संपले. तिने पातं फिरवलं, सोडलेले दात घेतले. शेवटच्या चार बारीक दातांना तिने आवाज बारीक केला.

मग पातं सोडून तिने दात वर करून, टोकाकडे किंचित उतरतं धरलं. दातांच्या दोन रांगांमधून एक अरुंद वाट गेलेली असते. वाव सारखा असेल तर वरून सोडलेली सुई त्या वाटेने शेवटपर्यंत घसरत जाते. एक जरी दात चुकला तर सुई अडते, नाहीतर खाली पडते. थोरलीने खिशात सुई चाचपली. सुई आतच राहिली होती.

"हे घे."

अण्णा दारात उभे होते. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात सुई. काखेत दाखवायची करवत. त्यांच्या मागे कानस, आणि तिच्यामागे आत्या.

"मीच सोडतो," ते म्हणाले आणि मिशाळकडे बघून पुढे म्हणाले, "माझा हात बघून घे. बघ नीट. या हाताने तुला नऊ वर्षं धार लावून दिली असेल का?"

सुई त्यांच्या बोटांत फडफडत होती. कितीतरी वेळ ती दातांवर टेकेना. कोणी मदत केली नाही, करायची नव्हतीच. शेवटी ती वाटेत पडली आणि निघाली. दातादातांमधून, न अडखळता, मुठीपासून टोकापर्यंत, आणि टोकावरून काउंटरवर पडून टिणकली.

मिशाळने सुई उचलली. पुन्हा मुठीकडे ठेवली. स्वतः सोडली. पुन्हा टिण.

करवत गुंडाळून त्याने बॅगेत घातली. शटरखालून वाकता वाकता थांबला. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "गाणं नसलं तरी चालेल," आणि गेला. तो परत येईल की नाही, ते त्या वाक्यावरून धाकट्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो शटरपाशी उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला.

कानसने वही काउंटरवर उघडून धरली. "आई, इथे. पालकांची सही."

थोरलीने हात पुसले नाहीत. लाल शेऱ्याखाली तिने लिहिलं, जोडी बरोबर आहे, आणि सही केली. शाळेच्या चार वर्षांत वहीतली तिची पहिली. काळी बोटं कागदावर उमटली, ती राहू दिली.

"मी नेऊन देते उद्या बाईंना," आत्या म्हणाली. "पेपर मी काढलाय. उत्तर काय अपेक्षित होतं ते मीच सांगेन." तिने अंबाड्याकडे हात नेला, पेन्सिल तिथे नव्हती. टेबलावर राहिली होती. "आणि पाचवीच्या कार्यशाळेचंही विचारते. विचारते कसलं, सांगते. नाहीच म्हणाले तर मी पण जाऊन बसेन वऱ्हांड्यात. सातवीचं त्रैराशिक तिथे चांगलं ऐकू येतं म्हणे."

अण्णांनी काखेतली करवत काउंटरवर ठेवली. उजेडात तिची कड गुळगुळीत चमकली.

"सूनबाई, हिला नवे दात पाडून दे."

"कोणासाठी, अण्णा?"

अण्णांनी उत्तर द्यायच्या आधी आपल्या लेकीकडे, आत्याकडे पाहिलं, आणि तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर चुकवली नाही.

थोरलीने ती पट्टी पकडीत बसवली, खडूने पहिल्या दाताची खूण केली आणि पकडीसमोरून बाजूला झाली. आत्या पुढे आली. पदर खोचला. कानस हातात घेतली ती पेन्सिलीसारखी, तीन बोटांत. थोरलीने मागून तिची मूठ आवळून दिली.

"तीन घास," ती म्हणाली. "मोजायला गाणं येतं का?"

"तू म्हण," आत्या म्हणाली.

तेव्हा रस्त्याकडे तोंड करून, शटर पूर्ण वर असताना, थोरलीने ओवी धरली. दुसऱ्या ओळीला कानसने तिच्यात आपला आवाज मिसळला आणि शेवट बदलून टाकला.

एक घास दाताला गं, दुसरा घास धारेला,
तिसरा माझ्या आईचा, ऐकू जाऊ दे शाळेला.